मालधक्क्याला वाघीण घासते, दर उन्हाळ्यात पुन्हा घासते

ही तक्रार टेबलावरच्या मॉडेल रेल्वेची आहे. जानेवारीत सगळं ठीक असतं. मालगाडी साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर येते, माल चढवायच्या धक्क्याला लागून उभी राहते, निघून जाते. होळी उलटते, पंखे आणि मग कूलर सुरू होतात, आणि तीच वाघीण, म्हणजे मालडबा, त्याच धक्क्यापाशी ‘खर्र’ करून थांबते. इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात, मागचा एखादा डबा रुळावरून उतरतो. मग हातात पॉलिश पेपर येतो, धक्क्याची कड अर्धा मिलीमीटर तासली जाते, गाडी सुटते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असे काही लेआउट पाहिले आहेत की वाघीण आणि धक्का यांच्यामधून शेंगदाणा आरामात खाली पडेल, आणि तरी एखादी वाघीण घासतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की धक्का तासायचा तो सगळ्यात शेवटी. खूण धक्क्यावर उमटते म्हणून दोष धक्क्यावर जातो. हलतो मात्र बहुतेक वेळा रूळ, किंवा वाघीण, किंवा लाकूड.

खालचे आकडे एचओ मापाचे आहेत, म्हणजे १:८७ आणि १६.५ मिमीचा रूळ. आमच्याकडे ग्वाल्हेरात हेच माप जास्त चालतं. छोट्या लाईनवाल्यांसाठी, म्हणजे नॅरोगेजवाल्यांसाठी, पुढे वेगळं लिहिलं आहे.

खरं माप जसंच्या तसं उतरवलं तर

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज शेड्यूल ऑफ डायमेन्शन्समध्ये, म्हणजे मापांच्या नियमावलीत, प्रवासी प्लॅटफॉर्मची कड रुळांच्या मध्यरेषेपासून १६७० ते १६८० मिमीवर ठेवायला सांगितली आहे. मालगाड्याही त्याच प्लॅटफॉर्मच्या शेजारून रोज धडधडत जातात. बीसीएन ही बंद वाघीण साधारण ३२०० मिमी रुंद, म्हणजे मध्यापासून एका बाजूला १६००. उरले ७० मिमी. याला ८७ ने भागा: ०.८ मिमी. पोस्टकार्डं दोन-तीन एकावर एक ठेवली की तेवढी जागा संपली.

खऱ्या गाडीला ७० मिमी पुरतात, कारण तिथला खेळ त्या मानाने कमी असतो. ब्रॉडगेजवर नव्या चाकाच्या फ्लँजला, म्हणजे रुळाच्या आत उतरणाऱ्या कडेला, दोन्ही रुळांमध्ये मिळून १९ मिमी मोकळीक असते. ते एचओमध्ये जेमतेम ०.२ मिमी झालं असतं. आपल्या मॉडेलच्या चाकांना मात्र अर्धा ते पाऊण मिलीमीटर मोकळीक असते, नाहीतर ती सांध्यांवरून, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथून, जाणारच नाहीत. त्यावर बोगीचा, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याचा, स्क्रू ढिला असेल तर आणखी पाव मिलीमीटर. म्हणजे मापात बरोबर असलेला धक्का हा मॉडेलवर चुकीचा धक्का असतो.

सरळ रुळावर माझा हिशेब असा: वाघिणीची अर्धी रुंदी १८.४, फ्लँजच्या खेळाचा एका बाजूचा वाटा ०.३५, बोगीचा ०.३, वर हवेसाठी आणि रंगाच्या थरासाठी अर्धा ते एक मिमी. धक्क्याची कड मध्यरेषेपासून २० मिमीवर ठेवली की सरळ रुळावर त्रास होऊ नये. दिसायलाही वाईट दिसत नाही. वाघीण आणि धक्का यांच्यामधली फट दीडेक मिलीमीटर राहते, ती लोखंडी पत्र्याच्या एका तुकड्याने किंवा पोत्यांच्या थप्पीने लपते.

अर्धी रुंदी कागदावरून घेऊ नका. व्हर्नियर कॅलिपरने सगळ्यात रुंद जागी मोजा. ती जागा डब्याच्या पत्र्यावर नसते. शिडीची कड, दाराची कडी, पायरी, यांतलं काहीतरी बाहेर आलेलं असतं. अमेरिकन बॉक्सकार वापरत असाल तर सोय आहे. त्यांच्याकडे नेहमीच्या मालडब्यांची कमाल रुंदी १० फूट ८ इंच, म्हणजे ३२५१ मिमी, आपल्या ३२५० च्या मर्यादेला अगदी लागून. पण एखाद्याने बीसीएन १:७६ मध्ये बनवून त्याच १६.५ च्या रुळावर घातली, तर ती ४२ मिमी रुंद होते आणि २० मिमीवरच्या धक्क्यात सरळ घुसते. अशा वाघिणीला साइडिंगमध्ये येऊच देऊ नये, हा त्यावरचा उपाय. धक्का हलवून एकीची सोय केली की बाकीच्या सगळ्या दूर उभ्या राहतात.

आधी खूण वाचा

धक्क्याच्या कडेवर निळा खडू चोळा. गाडी हाताने, अगदी हळू, दोन्ही दिशांनी ढकला. आता धक्का बघू नका, वाघीण बघा. निळं कुठे लागलं?

डब्याच्या पोटावर, दोन बोगींच्या मध्ये लागलं असेल तर धक्का वळणाच्या आतल्या बाजूला आहे. कोपऱ्यांवर लागलं असेल तर धक्का बाहेरच्या बाजूला आहे, किंवा धक्का सरळ रुळावर असूनही गाडी तिरकी होते आहे. टोकापासून टोकापर्यंत सारखी रेघ आली तर रूळ किंवा धक्का अख्खा सरकला आहे. एकाच वाघिणीला लागलं आणि बाकीच्या कोऱ्या राहिल्या तर ती वाघीणच उलटी करून बघा: बोगीचा स्क्रू, वाकडा आस, एका बाजूला कललेलं शरीर. हलकी वाघीण जास्त डोलते. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची शिफारस एचओ डब्याला २८ ग्रॅम आणि वर लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम अशी आहे. १६७ मिमीच्या डब्याला त्या हिशेबाने १२० ग्रॅमच्या आसपास वजन हवं. बाजारातल्या बऱ्याच वाघिणी त्याहून हलक्या निघतात. तळाला नटबोल्ट चिकटवले तरी चालतं, फक्त वजन मध्यावर राहू द्या.

निळा खडू कडेला लागतच नाही, आणि तरी गाडी अडते, असं झालं तर मान वर करा. धक्क्याचं छप्पर घासतं आहे. डबा एक अंश कलला तर धक्क्याच्या उंचीवर तो पाव मिलीमीटरही सरकत नाही, पण छपराच्या उंचीवर, रुळापासून ४८ मिमीवर, तो ०.८ मिमी बाहेर येतो. त्यामुळे छपराची कड धक्क्याच्या कडेच्या निदान दोन मिमी मागे हवी, नाहीतर ते डब्याच्या माथ्यापेक्षा चांगलं वर हवं.

आमच्या छोट्या लाईनचं मॉडेल करणाऱ्यांना हा छपराचा प्रश्न दुप्पट छळतो. ग्वाल्हेर–श्योपूर लाईन २०२० मध्ये बंद झाली, तिचा गेज ६१० मिमी होता. ती एचओमध्ये करायची तर लोक ९ मिमीचा, एन या आणखी लहान मापाचा रूळ वापरतात. एका रुळाखाली ०.३ मिमीची खडी अडकली तर १६.५ च्या रुळावर डबा अंशभर कलतो, ९ मिमीच्या रुळावर जवळजवळ दोन अंश. तिथे धक्क्यापाशी खडी चिकटवण्याआधी ब्रश मारायलाच हवा.

वळण, आणि वळणाच्या आधीची वीतभर जागा

लांब डबा वळणावर दोन ठिकाणी बाहेर येतो. बोगींच्या मधला भाग आत झुकतो, टोकं बाहेर फेकली जातात. आत किती? बोगींमधल्या अंतराचा वर्ग करा, त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागा. बाहेर किती? डब्याच्या पूर्ण लांबीच्या वर्गातून बोगींमधल्या अंतराचा वर्ग वजा करा, आणि त्यालाही त्रिज्येच्या आठपटीनेच भागा. बस, एवढंच गणित.

समजा डबा १६७ मिमी लांब आहे आणि बोगींमध्ये १२० मिमी अंतर आहे. ४५७ मिमी म्हणजे १८ इंची वळणावर तो आतल्या बाजूला ३.९ मिमी आणि बाहेरच्या बाजूला ३.७ मिमी येतो. ६१० मिमीच्या वळणावर हेच ३ आणि २.८ होतात. ९०० मिमीला दोनच्या आसपास. आता जुनी चारचाकी वाघीण घ्या, ८० मिमी लांब, दोन आसांमध्ये ४० मिमी. ती १८ इंची वळणावरसुद्धा आत अर्धा मिमी आणि बाहेर १.३ मिमी येते. ‘लहान वाघिणी जातात, मोठ्याच अडतात’ ही तक्रार इथून येते. धक्का चारचाकीवर बेतून बसवलेला असतो.

खरी रेल्वेही हाच हिशेब करते. शेड्यूल ऑफ डायमेन्शन्समध्ये २१,३४० मिमी लांबीच्या आणि १४,७८५ मिमी बोगी-अंतराच्या गाडीसाठी मध्याला २७,३३० भागिले त्रिज्या आणि टोकाला २९,६०० भागिले त्रिज्या एवढी जादा जागा धरतात. त्रिज्या मीटरमध्ये घातली की उत्तर मिलीमीटरमध्ये येतं. ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळण १० अंशांचं, साधारण १७५ मीटर त्रिज्येचं. तिथे ही जादा जागा १५६ आणि १६९ मिमी भरते. आपलं १८ इंची वळण खऱ्या मापात जेमतेम ४० मीटर त्रिज्येचं झालं! रेल्वे जे वळण कधी घालणार नाही त्यावर आपण धक्का बांधतो आणि वर गाडी घासते म्हणून कुरकुरतो.

वळणावरच धक्का हवा असेल तर तो बाहेरच्या बाजूला घ्या, आणि लहान वाघिणींसाठी ठेवा. आतल्या बाजूचा धक्का फार वाईट दिसतो. ६१० च्या वळणावर कड २३ मिमीवर न्यावी लागते, आणि धक्क्याच्या टोकांना डबा खूप लांब उभा राहिल्यासारखा वाटतो.

यापेक्षा फसवा प्रकार वेगळा आहे. धक्का सरळ रुळावर, फूटपट्टी लावून तपासलेला, आणि तरी टोकाच्या कोपऱ्यावर ओरखडा. कारण धक्का जिथे संपतो तिथेच वळण किंवा सांधा सुरू होतो. पुढची बोगी १८ इंची वळणात ६० मिमी शिरली की ती बाजूला चार मिमी गेलेली असते. मागची बोगी अजून सरळ रुळावर, धक्क्यापाशी. डबा तिरका झाला. त्याचं शेपूट, म्हणजे मागच्या बोगीच्या मागे लटकणारा भाग, वळणाच्या उलट दिशेला पाऊण मिमी फेकला जातो. मापात बसवलेल्या धक्क्याची सगळी मोकळीक एवढ्यात खलास. आणि धक्का वळणाच्या बाजूला असेल तर पोट त्याहून जास्त आत येतं.

म्हणून सरळ रूळ धक्क्याच्या दोन्ही टोकांपलीकडे सगळ्यात लांब डब्याच्या एका लांबीइतका जाऊ द्या. जागा नसेल तर धक्काच तेवढा आखूड करा. दोन वाघिणींऐवजी एक उभी राहील. छोट्या खोलीत लेआउट करणाऱ्यांना हे जड जातं, पण अर्धवट वळणात अडकलेला लांब धक्का कधीच सुखाने चालत नाही.

उन्हाळा

आता मूळ तक्रार, दर वर्षी परत येणारी. याला वळणाचं गणित उत्तर देत नाही, कारण वळण जानेवारीतही तेच होतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या घरांच्या वरच्या मजल्याला दगडी पाटियांचं, म्हणजे फरश्यांचं, छत असतं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ पार करतो आणि ते छत रात्रीही थंड होत नाही. जानेवारीत त्याच खोलीत सकाळी बोटं आखडतात. एवढ्या फरकात रूळ तसाच राहील ही अपेक्षाच चूक. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ ३० अंशांनी तापला की जवळजवळ अर्धा मिलीमीटर वाढतो. हे ऐकून लोक हसतात. माझा भाचा म्हणाला, “मामा, अर्ध्या मिलीमीटरने काय होतंय? आणि मी तर वीतभर अंतरावर पिना ठोकल्यात, रूळ हलणार कुठे?”

पिना ठोकल्या आहेत म्हणूनच तो बाजूला जातो. पुढेमागे सरकायला जागा नसली की वाढलेली लांबी कमानीत जाते. तीस सेंटिमीटरच्या तुकड्यात ०.१५ मिमी लांबी वाढली आणि दोन्ही टोकं घट्ट असली, तर कागदावर मधला फुगवटा चार मिलीमीटर निघतो. गोंद, खडी, मधल्या पिना अडवतात म्हणून एवढं होत नाही, पण अर्धा-एक मिलीमीटर सहज होतं. आणि धक्क्याची मोकळीक तेवढीच तर असते. मोठ्या लाईनवर उन्हाळ्यात भर दुपारी रुळांची खास गस्त का घालतात, ते इथे टेबलावर बघायला मिळतं.

दुसरी गोष्ट लाकडाची. देवदार किंवा पाइनची शंभर मिमी रुंद फळी, तंतू रुळाला समांतर, अशी धक्क्याला वापरली असेल, तर ओलावा चार टक्क्यांनी वाढला की तिची रुंदी साधारण एक मिलीमीटर वाढते. एमडीएफ (लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा बोर्ड) रुंदीत कमी वाढतं, पण कापलेल्या कडेला फुगतं आणि तिथे ओठासारखी कडा तयार होते. कूलरचा झोत लेआउटवर येत असेल तर हे सगळं दुपारभरात घडतं.

रूळ की लाकूड, हे कसं ओळखायचं? आपल्याकडे हवामानच सांगतं. एप्रिलमध्ये, लू वाहत असताना, कूलर लावायच्या आधीच घासायला लागलं तर रूळ. कोरड्या उष्णतेत लाकूड आकसतं, रूळ वाढतो, दोघांची ओढाताण तेव्हा सगळ्यात जास्त. कूलर लावल्यावर किंवा आषाढात घासायला लागलं तर लाकूड. कार्तिकात आपोआप थांबतं तेही लाकूडच.

खात्री हवी असेल तर बेसबोर्डात, म्हणजे लेआउटच्या खालच्या फळीत, रुळाच्या धक्क्याविरुद्ध बाजूला, एक पितळी पिन कायमची ठोकून ठेवा. तिथून जवळच्या रुळाच्या आतल्या कडेपर्यंतचं आणि धक्क्याच्या कडेपर्यंतचं अंतर कॅलिपरने मोजा आणि धक्क्याच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहा, तारखेसह. एकदा थंडीत, एकदा मेमध्ये, एकदा श्रावणात. कोण हललं ते तीन ओळींत कळतं. ही पिन नसेल तर रूळ आणि धक्का एकमेकांपासून मोजले जातात आणि दोघंही निर्दोष वाटतात.

रूळ निघाला तर: धक्क्याच्या दोन्ही टोकांपलीकडे, सरळ भागात, रूळ कापून फट ठेवा. सराफ्यात सोनारकामाची बारीक करवत मिळते, तिचं पातं यासाठी उत्तम, रुळाला झटका बसत नाही. थंडीत कापत असाल तर मीटरला अर्धा मिलीमीटर फट ठेवा. मेच्या दुपारी कापत असाल तर पात्याच्या जाडीएवढी पुरे. रूळ जोडणारी फिशप्लेट राहू द्या, झाळ नको, आणि फटीच्या दोन्ही बाजूंना वीज देणाऱ्या तारा वेगळ्या जोडा, नाहीतर धक्क्यापाशी गाडी बंद पडेल आणि तुम्ही पुन्हा घासण्याचा संशय घ्याल. मग धक्क्यासमोरच्या पिना काढा, भोकं लांबट करा, पिना परत सैल ठोका: बाजूला हलणार नाही पण लांबीत सरकेल, अशा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. धक्क्यासमोर गाड्या-ट्रकांसाठी पीओपीचं आवार केलेलं असतं, ते रुळाच्या दोन्ही अंगांना घट्ट चिकटलेलं असतं, आणि साइडिंगचं टोक बफरच्या, म्हणजे शेवटच्या अडथळ्याच्या, मागे डोंगरात किंवा भिंतीत गेलेलं असतं. अशा रुळाला चारी बाजूंनी कोंडलेलं आहे. पीओपी आणि रूळ यांच्यात जुन्या हॅकसॉच्या पात्याने रेघ काढा, बफरच्या मागे एक मिमी जागा करा.

लाकूड निघालं तर: फळीच्या सहाही बाजूंना सँडिंग सीलर किंवा शेलॅकचे दोन हात द्या. खालची बाजू आणि कापलेल्या कडा आधी, वरची शेवटी. बहुतेक लोक दिसणारी बाजूच रंगवतात आणि ओलावा खालून शिरतो. मग फळी गोंदाने न चिकटवता खालून स्क्रूने बसवा. रुळाकडची ओळ घट्ट, मागच्या ओळीची भोकं लांबट. म्हणजे फळी वाढली तरी मागे, भिंतीकडे वाढेल, रुळाकडे नाही. सगळा त्रास ज्या एका गोष्टीने मिटतो ती हीच आहे, आणि ती नेमकी उलटी केलेली आढळते: फळी मागे भिंतीला फेव्हिकॉलने पक्की, पुढे मोकळी.

थ्रीडी प्रिंटरवर काढलेला धक्का असेल तर ओलाव्याची चिंता सोडा, पण प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर कड वाकते आणि ती परत सरळ होत नाही.

उंची

रुंदीइतकी डोकेदुखी नाही, थोडक्यात सांगतो. मालाच्या प्लॅटफॉर्मची उंची खऱ्या रेल्वेवर जास्तीत जास्त १०६५ मिमी, म्हणजे एचओमध्ये १२.२. वाघिणीचा तळ त्याहून थोडा वर असतो, म्हणून बाहेर उघडणारी दारं धक्क्यावर उघडता येतात. ही उंची रुळाच्या माथ्यापासून मोजायची, बेसबोर्डपासून नाही. कोड १०० चा रूळ काढून कोड ८३ चा घातला (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) की रूळ ०.४ मिमी खाली जातो आणि धक्का तेवढाच उंच होतो. त्यात रुळाखालचा कॉर्क पातळ निवडला तर विचारूच नका. तेवढ्यात एखाद्या वाघिणीची पायरी धक्क्यावर टेकते. अशा वेळी धक्का तासण्याऐवजी रुळाखाली कार्डाची पट्टी घाला.

बसवलेला धक्का परत बसवताना

चिकटवलेला धक्का पाण्याने सोडवायला जाऊ नका, एमडीएफ असेल तर फुगून जाईल. पातळ हॅकसॉचं पातं आडवं घालून हळू कापत जा.

परत बसवण्यासाठी मापाची वाघीण करा. तुमची सगळ्यात लांब सपाट वाघीण घ्या, तिच्यावर मध्याला आणि दोन्ही टोकांना जाड कार्डाचे तुकडे उभे चिकटवा. रुंदी सगळ्यात रुंद डब्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक मिमी जास्त. खरी रेल्वेही मोठी यंत्रं, ट्रान्सफॉर्मर असला मापाबाहेरचा माल, ओडीसी म्हणतात तो, आधी कुठे अडेल ते मोजूनच सोडते. ही वाघीण धक्क्यासमोरून पुढेमागे फिरवत राहा आणि धक्का तिच्या कार्डांना जेमतेम लागेल इतका पुढे आणा. तिथे खूण करा. फूटपट्टी बाजूला ठेवा, या कामात तिचा उपयोग नाही. आणि शक्य असेल तर हे काम मे-जूनमध्येच करा, कूलर चालू ठेवून. थंडीत बसवलेला धक्का नेहमी जवळ बसतो.

धक्क्याच्या कडेला एक मिमी स्टायरीन प्लास्टिकची पट्टी दुतोंडी टेपने लावा आणि काँक्रीटसारखी रंगवा. पुढे कधी अर्धा मिमी कमी करायची वेळ आलीच तर पट्टी बदलता येते, फळीला हात लावावा लागत नाही.

तपासणी एका वाघिणीवर थांबवू नका. इंजिन मागे लावून पूर्ण मालगाडी आत ढकला. ओढताना डबे रुळाच्या मध्यावर ताणले जातात, ढकलताना कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, डब्यांना आलटून पालटून बाजूला दाबतो आणि फ्लँजचा सगळा खेळ वापरला जातो. ओढताना साफ जाणारी गाडी ढकलताना घासली, तर धक्का अजून पाव मिमी मागे हवा, किंवा कपलर अडतो आहे.

जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे, सुरई उचलली की थांबते. तिला धक्का नाही, छप्पर नाही, दोन्ही बाजूंना मोकळं टेबल, म्हणून तिचं बरं चाललं. आपल्याला हमाल, पोती, वजनकाटा, सगळं हवं असतं. ते चिकटवताना कडेपासून पाच मिमी आत ठेवा, आणि गोंद वाळायच्या आधी मापाची वाघीण पुन्हा एकदा फिरवा. पोतं उचलणाऱ्या हमालाचा कोपर नेहमी वाटतो त्याहून बाहेर असतो.